दम्मामचा नवरा

कोहिनूरच्या तोंडी लागायची चूक माणूस एकदाच करतो. मीरपूरच्या चौकात एका बसवाल्याने तिच्या गाडीला घासटलं आणि वर "बाईमाणसाने चूल सांभाळावी" असं सुनावलं, तेव्हा तिने भर रहदारीत गाडी बंद केली, किल्ली मुठीत धरली आणि त्याच्या दारापाशी जाऊन म्हणाली, "उतर खाली. चूल कशी असते ते दाखवते." मागे पार ओव्हरब्रिजपर्यंत गाड्या तुंबल्या. बसवाला काही उतरला नाही, पण शेवटी त्याच्याच प्रवाशांनी त्याला माफी मागायला लावली. बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची पांढरी मायक्रोबस ती चालवायची आणि सबंध ढाका शहराशी तिचं असं रोजचं भांडण होतं. त्यात ती सहसा हरत नसे.

हरली ती घरमालकांपुढे. घर पाहावं बांधून असं आपण म्हणतो. पण ज्याने म्हटलं त्याने ते ढाक्यात भाड्याने शोधलं नसावं, तेही एकट्या बाईने.

कोहिनूर मूळची बाउफलकडची, म्हणजे बरिशालच्याही पलीकडच्या नदीकाठची. नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि पहिल्याच दिवशी हिला सांगितलं, "आज जरा चांगलं मासळीचं कालवण कर, पाहुणी आहे." हिने कालवण केलं, उतरवलं, झाकण घातलं आणि मुलीचा हात धरून भावाच्या घरी निघून गेली. तलाकही पुढे तिनेच घेतला. गावाला यातलं सगळ्यात काय खुपलं असेल तर हे, की बाई रडली नाही. ती ड्रायव्हिंग शिकली, हे तर त्याहून वाईट.

ढाक्यात नोकरी लागल्यावर मुलीचा प्रश्न आला. तुली आठ वर्षांची, मामाकडे ठेवलेली. नवऱ्याचा थोरला भाऊ मोफज्जल, ज्याला कोहिनूर लग्नापासून मियाभाई म्हणत आली, त्याने पंच बसवले. मुलीची त्याला माया होती म्हणून नव्हे; बायकोने सोडलेलं घर ही त्या घराची नाचक्की होती आणि मुलगी परत आणली की नाक थोडं वर होणार होतं. पंचांनी पान खात खात निकाल दिला. नवं वर्ष लागायच्या आत आईने शहरात स्वतःचं बिऱ्हाड करावं, धर्मशाळा नव्हे, दार असलेली खोली, तर मुलगी आईकडे राहील. आणि आईने दुसरं लग्न करून परका पुरुष घरात आणला तर त्याच दिवशी मुलगी बापाच्या घरी. मोफज्जल स्वतः जाऊन बघून येईल.

"बघा की," कोहिनूर म्हणाली. "येताना चप्पल मात्र बाहेर काढा."

असं म्हणून आली खरी, पण तेव्हा ती राहत होती फार्मगेटच्या बायकांच्या मेसमध्ये. एका खोलीत चौघी, चार लोखंडी खाटा, आणि भिंतीवर सूचना की लहान मूल आणू नये.

डिसेंबर उजाडला आणि गल्लीगल्लीत फाटकांवर, विजेच्या खांबांवर टु-लेटच्या पाट्या लागल्या. कोहिनूर सुटीच्या दिवशी शेवड़ापाड़ा, काजीपाड़ा, पीरेरबाग असं पायी पायी फिरू लागली. प्रत्येक पाटीखाली एक ओळ असायचीच: बॅचलर नको. आता ढाक्याच्या घरमालकाच्या लेखी बॅचलर म्हणजे ज्याच्या शेजारी नवरा किंवा बायको उभी दिसत नाही असा कुणीही. साठीची विधवा बॅचलर, आठ वर्षांच्या मुलीची आईही बॅचलर.

पहिल्या घरी लुंगीतले एक गृहस्थ वरच्या गॅलरीतूनच बोलले.

"किती माणसं?"

"दोन. मी आणि माझी मुलगी."

"आणि साहेब?"

"साहेब नाहीत."

"वारले?"

"नाही, धडधाकट आहेत. मी सोडलंय त्यांना."

गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला. "वारले असते तर बघता आलं असतं," ते हळहळून म्हणाले.

"मग थांबा जरा. गावी जाऊन बघते काही जमतंय का."

दुसऱ्या घरी मालकीणबाई गोड होत्या. चहा दिला, बिस्किटं दिली, गाव विचारलं.

"बरिशालकडची? अगं बाई. बरिशालची माणसं फार भांडतात म्हणतात."

"कोण म्हणतं? आणा त्याला समोर."

खोली काही मिळाली नाही. तिसरीकडे सगळं ठरलं, आणि ती ड्रायव्हर आहे हे कळताच मोडलं. चौथीकडे मालक फारच चटकन तयार झाला. कसला ॲडव्हान्स, कसलं काय, म्हणाला. भाड्यासाठी मीच येत जाईन संध्याकाळी, तुम्हाला कशाला त्रास. कोहिनूरने त्याच्याकडे असं बघितलं की तो आपल्याच घरात दोन पावलं मागे सरला.

सगळीकडे ती खरं सांगायची, हाच घोळ होता. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं असं नाही. पण खरं सांगण्यासारखं काही तरी आपल्या हातून झालंय, आणि ते लपवायचं म्हणजे त्या माणसाला पुन्हा नवरा करून घेण्यासारखं, असं तिला वाटायचं.

मेसमध्ये शेजारच्या खाटेवर झुमुर होती. ब्यूटी पार्लरमध्ये भुवया कोरायची आणि जगाच्याही कोरायला तयार असायची.

"आपा, तू म्हणजे ना, सरळ जाऊन भिंतीला टक्कर देतेस," ती एकदा नखं रंगवत म्हणाली. "सौदी म्हण."

"काय सौदी?"

"नवरा सौदीला. ढाक्यात अर्ध्या बायकांचे नवरे सौदीला असतात. सगळे एकाच दिवशी परत आले तर विमानतळ कोसळेल."

"मला नवरा नाही."

"म्हणून तर सौदी. असता तर मीरपूर म्हणाली असतीस."

कोहिनूर त्या दिवशी हसली, पण डिसेंबर अर्धा सरला तेव्हा हसणं संपलं. भावाचा फोन आला. मियाभाई रोज चौकशी करतोय, म्हणाला, वहिनी वैतागलीय, तुली रात्री विचारते की आईचं घर किती मोठं आहे. कोहिनूरने फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. एवढं मोठं शहर, ज्याची गल्ली न् गल्ली तिला पाठ झाली होती, आणि त्यात एका आईला आणि एका मुलीला बसायला जागा नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. तिने ठरवलं, धरू.

दुसऱ्या दिवशी ती शेवड़ापाड़्याच्या एका जुन्या चार मजली घरापुढे उभी राहिली. फाटकाच्या आतच, जिन्याखाली, खुर्ची टाकून लुत्फा खाला बसलेली. घर तिचं. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मुलगे कॅनडात. सगळ्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या साडीच्या पदराला बांधलेला असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती त्या खुर्चीतूनच गाळून घेई.

"नवरा काय करतो?" लुत्फा खालाने पहिलाच प्रश्न टाकला.

"सौदीला असतो. दम्मामला." कोहिनूरचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"काम?"

"एसी बसवतो."

"नाव?"

नाव काही तिने ठरवून आणलं नव्हतं. संस्थेच्या गाडीची क्लच प्लेट बदलणारा मिस्त्री डोळ्यापुढे आला. "मोशर्रफ," ती म्हणाली.

"हं. माणूस कष्टाचा दिसतो," लुत्फा खाला म्हणाली आणि जुडग्यातून तिसऱ्या मजल्याची किल्ली काढली.

खोली एकच, पण चूल वेगळी, खिडकी रस्त्याकडे, आणि दार जाड लाकडाचं. भाडं पगाराच्या निम्म्याहून जास्त. कोहिनूरने दार आतून लावलं, कडी घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. मग जमिनीवर बसली आणि झुमुरला फोन करून म्हणाली, "गाढवाने लाथ नाही मारली."

तेव्हापासून मोशर्रफचा संसार सुरू झाला. लुत्फा खाला रोज जिन्याखाली अडवायची. फोन आला का? जेवतोय ना नीट? तिकडे फार गरम असतं म्हणतात. येताना मला नमाजाला अंथरायला एक जायनमाज आणायला सांग, चांगला जाड, गुडघे दुखतात. कोहिनूर सांगते म्हणायची, आणि चार दिवसांनी "तुम्हाला सलाम सांगितलाय" असंही म्हणून टाकायची. खाला खूश व्हायची. कधी कधी जिना चढताना कोहिनूरला वाटे, आजवर वाट्याला आलेल्या नवऱ्यांत हाच बरा. खायला मागत नाही, हात उगारत नाही, दुसरी आणत नाही.

पंचांची दुसरी अट तिला ठाऊक नव्हती असं नाही. पण ती अट बाउफलची होती आणि हे खोटं ढाक्याचं. मध्ये रात्रभराची नदी होती. ही दोन्ही एकाच जिन्यावर समोरासमोर येतील हे काही तिच्या मनात आलं नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भाऊ तुलीला घेऊन आला आणि त्याच संध्याकाळच्या लाँचने परत गेला. तुलीने खोली बघितली, खिडकी बघितली, आणि विचारलं, "इथे अजून कोण राहतं?"

"तू आणि मी."

"फक्त?"

"कमी वाटतं का?"

तुलीने विचार करून नाही म्हटलं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज सुटल्यावर मोफज्जल आला. पांढरा पंजाबी कुर्ता, डोक्यावर टोपी, अंगाला अत्तर. तो येणार हे कोहिनूरला माहीत होतं, पण तो उन्हं उतरल्यावर येईल या हिशेबाने ती वर डाळीला फोडणी देत होती. फाटकात त्याला भेटली लुत्फा खाला.

"कोहिनूर बेगम इथेच राहते ना?" मोफज्जलने विचारलं. "गावाकडचा आहे मी. नात्यातला."

"बसा की," खाला म्हणाली. गावचा माणूस म्हटल्यावर तिला आपल्या भाडेकरणीचं कौतुक सांगायची हौस आली. "फार नीटनेटकी बाई. आणि नवराही भला माणूस हो. तिकडे दम्मामला एवढ्या उन्हात राबतो, पण दर आठवड्याला मला सलाम पाठवतो. असा जावई मिळायला नशीब लागतं."

मोफज्जल बसता बसता थांबला. "नवरा? दम्मामला?"

"तुम्हाला माहीत नाही? नात्यातले म्हणता ना?"

मोफज्जलच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पडल्यासारखं झालं. कोहिनूर जिना उतरून आली ती नेमकी त्या वेळी, हाताला हळद, पदर खोचलेला. त्याचं तोंड बघूनच काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं.

"मुबारक हो, कोहिनूर," तो म्हणाला. "निकाह केलास, कळवायचं तरी. मिठाई घेऊन आलो असतो. तुलीचे कपडे बांध आता. पंचांसमोर ठरलंय तसंच करू. आजच्या लाँचला दोन तिकिटं मिळतील."

कोहिनूर शेवटच्या पायरीवर उभी राहिली. एका हाताला मोफज्जल, दुसऱ्या हाताला किल्ल्यांचा जुडगा बांधलेली लुत्फा खाला. नवरा आहे म्हणावं तर मुलगी जाते. नाही म्हणावं तर खोली जाते, आणि खोली गेली की पहिल्या अटीने पुन्हा मुलगीच जाते. भीती वाटली तिला, खोटं कशाला सांगा. पण त्या भीतीच्या खालून जुना राग वर आला. इतके दिवस ती खरं सांगत होती तेव्हा कुणी ऐकलं नाही, आणि एक खोटं बोलली तर ते मात्र सगळ्यांनी हात जोडून ऐकलं.

"मला नवरा नाही," ती म्हणाली. "दम्मामला नाही, ढाक्यात नाही, कुठेच नाही. मोशर्रफ हा आमच्या गाडीचा मिस्त्री. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नाही. होता तो नवरा बाउफलला आहे, यांचा भाऊ, आणि त्याला मी तलाक दिलाय. खाला, तुम्हाला मी खोटं सांगितलं."

लुत्फा खालाचा पान चघळणारा जबडा थांबला. दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरीण, एका बँकेतल्या शिपायाची बायको, कठड्यावरून वाकून ऐकू लागली.

मोफज्जलला क्षणभर वाईट वाटलं असावं, कारण हातातला घास निसटला. पण तो पंचांत बसणारा माणूस. लगेच दुसऱ्या बाजूने आला. "ऐकलंत ना खाला? खोटं बोलून शिरली तुमच्या घरात. अशा बाईला ठेवाल? उद्या काय काय दिवे लावील. तुम्ही हिला काढा, मी मुलीला नेतो. तिच्यापायी तुमच्या घराचं नाव कशाला खराब?"

"चला वर, मियाभाई," कोहिनूर म्हणाली.

"वर कशाला?"

"बघायला आलात ना? बघा."

ती पुढे, मागे तो, आणि त्याच्या मागे कठड्याला धरून धापा टाकत लुत्फा खाला. खाला गेली दोन वर्षं तिसऱ्या मजल्यावर चढली नव्हती.

कोहिनूरने दार उघडलं. आत तुली ताटापुढे बसली होती, भात, डाळ आणि बटाट्याचं भरीत. काकाला बघून तिचा हात ताटातच राहिला.

"हे दार," कोहिनूरने त्यावर थाप मारली. "ही कडी. ही किल्ली, माझ्या हातात आहे. आत माझी मुलगी जेवतेय आणि आत परका पुरुष नाही, खाटेखाली वाकून बघा हवं तर. नवं वर्ष अजून लागलेलं नाही. पंचांनी एवढंच मागितलं होतं. गावी जाऊन एवढंच सांगा. कमी नको, जास्तही नको."

"आणि उद्या हिने तुला काढलं म्हणजे?"

"उद्याचं मी आणि खाला बघून घेऊ. काढलं तर दुसरं शोधीन. तिथून काढलं तर तिसरं. या शहरात दारं कमी नाहीत आणि माझे पाय अजून थकलेले नाहीत. पण तुली तुमच्या उंबऱ्यात येणार नाही. तिला न्यायची तयारी तुम्ही मनातून काढून टाका."

मोफज्जल खालाकडे वळला. शहाण्याने शहाण्याशी बोलावं तसा आवाज केला. "तुम्हीच सांगा. किती दिवसांत काढताय हिला?"

लुत्फा खाला भिंतीला टेकून श्वास घेत होती. तिला राग आला होता, त्यात शंका नको. इतके दिवस तिने एका क्लच प्लेटवाल्याला दुवा दिल्या होत्या, जायनमाज सांगितला होता. पण तिला आणखीही एका गोष्टीचा राग आला होता, आणि तो जास्त जुना होता. तिचा नवरा गेला तेव्हा त्याचा भाऊही असाच अत्तर लावून आला होता आणि याच घराच्या किल्ल्या मागून गेला होता.

"आमच्याकडे भाडेकरूला महिनाभर आधी सांगायची पद्धत आहे," ती म्हणाली. "मी हिला अजून काही सांगितलेलं नाही."

"मग कधी सांगणार?"

"ते तुम्हाला कशाला? तुम्हाला हवीय का खोली? तुम्हाला मिळायची नाही. बॅचलरला आम्ही देत नाही."

"बॅचलर? मी चार पोरांचा बाप आहे."

"असाल. शेजारी कोणी दिसत नाही."

खालच्या मजल्यावरून शिपायाच्या बायकोचं हसू ऐकू आलं. मोफज्जलने टोपी नीट केली, काहीतरी पुटपुटला आणि उतरू लागला. तुलीने तो वळणाआड जाईपर्यंत पाहिलं आणि मग पहिला घास घेतला.

दारात दोघी उरल्या. खालाने पदर सावरला.

"खोटं बोललीस माझ्याशी."

"बोलले. खरं सांगितलं असतं तर दिली असतीत खोली?"

लुत्फा खाला कडक होती पण आत एक बाहेर एक नव्हती. "नाही," ती म्हणाली.

"मग खोटं मी मागे घेते. माफी मागत नाही."

"बरिशालची ती बरिशालचीच."

"खाला, या घरात तुम्हीही एकट्याच राहता. तुम्हाला कुणी विचारतं का, साहेब कुठे आहेत म्हणून?"

खालाने एकदा त्या जाड दाराकडे पाहिलं, एकदा ताटापुढच्या पोरीकडे, आणि कठडा धरून उतरू लागली. कोहिनूर कान देऊन उभी राहिली. आता एकेका पायरीबरोबर बाईचा विचार बदलणार, हे तिला ठाऊक होतं. खाली पोचेपर्यंत महिन्याची मुदत तोंडातून बाहेर पडणार. तिने मनातल्या मनात पीरेरबागच्या राहिलेल्या गल्ल्या मोजायला सुरुवात केली.

दुसऱ्या मजल्यावर शिपायाच्या बायकोने खालाला गाठलंच. "काय झालं हो खाला? कोण होता तो?"

"कोहिनूरच्या तलाक दिलेल्या नवऱ्याचा भाऊ," लुत्फा खालाचा आवाज सगळ्या जिन्यात घुमला. तिला हळू बोलता येतच नसे. "तिला नवराबिवरा नाही. एकटी बाई आहे. मुलीला घेऊन वरच्या खोलीत राहते. आणखी काही विचारायचंय?"

ती बाई कठड्यावरून आत सरली.

हेच वाक्य कोहिनूरने अर्धा महिना शेवड़ापाड़्यापासून पीरेरबागपर्यंत स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं आणि प्रत्येक वेळी दार तोंडावर लागलं होतं. आज ते दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जाईल असं. कोहिनूर आत आली. दार तिने लावलं नाही, तसंच सताड राहू दिलं, आणि तुलीच्या ताटात आणखी भात वाढला.